पाणी तुंबलेल्या बागेतली पपई पिवळी होते पण गोड लागत नाही, आढीत जास्त ठेवली तर गोडी वाढेल का?

नाही वाढणार, आढीत पपई मऊ होईल, रंग धरेल पण साखर आहे तेवढीच राहील, कारण केळी-आंब्यासारखा पिकताना साखर होणारा स्टार्चचा साठा पपईत नसतो, गोडी सगळी झाडावर असतानाच पानांकडून येते. आणि पपईला दोन दिवस पाणी साचलेलंही झेपत नाही, मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजायला लागतात, खालची पानं पिवळी पडून गळतात, मग फळाला साखर पुरवणार कोण! त्यात ओलाव्यात अँथ्रॅकनोजची बुरशी कच्च्या फळात गप्प बसून राहते ती पिकताना खोलगट डाग होऊन वर येते, सो जास्त दिवस ठेवूच नका. फक्त पाणी साचायच्या आधीच ज्या फळांवर पिवळी रेघ आली होती ती बऱ्यापैकी गोड निघतील, तेवढी वेगळी काढा.