आम्लात टिकणारे आवरण फुटते का?

प्रश्न : बी. फार्म.च्या प्रकल्पात मेथॅक्रिलिक अॅसिड–इथाइल अॅक्रिलेट कोपॉलिमरच्या पाण्यातल्या डिस्पर्शनने (पॉलिमरचे बारीक कण तरंगत असलेल्या द्रवाने) गोळ्यांवर एन्टेरिक कोटिंग, म्हणजे जठरात टिकून आतड्यात विरघळणारे आवरण, केले. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात तासाभरातच गोळ्या कडेला फुटल्या. दोन तास टिकायला हव्या होत्या. काय चुकले?

उत्तर : कडेला फुटल्या, यातच बरेचसे उत्तर आहे. तिथे थर सर्वांत पातळ बसतो. सपाट, धारदार कडेच्या गोळ्या घेतल्या असतील तर आधी त्या बदला. दोन्ही बाजूंनी फुगीर गोळ्या घ्या. पॉलिमर गोळीच्या वजनावरून मोजू नका, पृष्ठभागावरून मोजा : दर चौरस सेंटिमीटरला कोरडे ४ ते ६ मिलिग्रॅम.

नंतर ट्रायइथाइल सायट्रेट, म्हणजे थर लवचीक ठेवणारा प्लास्टिसायझर, तपासा. कोरड्या पॉलिमरच्या निदान १० टक्के नसेल तर पापुद्रा ठिसूळ होतो, तडकतो. पॅनमधल्या गोळ्यांचे तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवा. फार तापल्या तर फवारा हवेतच वाळतो, कण एकजीव होत नाहीत आणि थर सच्छिद्र राहतो. टाल्क (गोळ्या चिकटू नयेत म्हणून घालायची भुकटी) वेगळ्या पाण्यात होमोजिनायझरने फिरवून मगच डिस्पर्शनमध्ये हळू ढवळा. डिस्पर्शन स्वतः जोरात घुसळले की गोठते.

पॉलिमरचे कार्बॉक्सिल गट आम्लात आयनित होत नाहीत, म्हणून तो विरघळत नाही, पीएच ५.५ च्या वर ते आयनित होतात आणि थर विरघळतो. त्यामुळे आम्लात फुटणे हा बहुधा पॉलिमरचा नव्हे, थराचा दोष. गाभ्यात क्रॉसकार्मेलोज (पाण्याने फुगून गोळी फोडणारा घटक) जास्त असेल तर झिरपलेला थेंबही गोळी फुगवतो.

औषध ओमेप्राझोलसारखे आम्लभीरू असेल, तर आधी एचपीएमसीचा (पाण्यात विरघळणाऱ्या सेल्युलोज पॉलिमरचा) अस्तर-थर द्याच. नाहीतर आम्लधर्मी पॉलिमरला लागून ते तपकिरी पडते.