२०२१ मधलं कोविड लसीकरण खरंच संथ होतं, की नुसतीच ओरड होती?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: 'सरकारी केंद्रांवरचे लोक दुपारी एक-दीडलाच गाशा गुंडाळायचे असं ऐकलंय.' ती ओळ नसती तर मी लिहायला बसलेच नसते. २०० कोटी डोस दिले की उशीर केला, यावर भांडणारे पुष्कळ आहेत. त्या गाशात काय असायचं हे मात्र कोणी सांगत नाही.

मी आरोग्यसेविका. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेव्हा नोकरीला एकवीस वर्षं झालेली. पल्स पोलिओच्या किती रविवारी बूथवर बसले त्याची गणती नाही. त्यामुळे 'आपल्या यंत्रणेला लसीकरण जमत नाही' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. २०११ च्या जानेवारीनंतर या देशात नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा एकही नवा रोगी सापडला नाही, तो काय आपोआप? हात होते, सवय होती, शीतसाखळी होती. नव्हत्या त्या कुप्या.

१८ मे २०२१ चा दिवस सांगते, म्हणजे सगळं त्यात येईल.

तौक्ते वादळ आदल्या रात्री गुजरातेत शिरलं होतं. आमच्या आवारात गुलमोहराची एक फांदी मोडून पडली होती आणि लोक सकाळी सहापासून त्या फांदीच्या दोन्ही बाजूंनी रांग लावून बसले होते. तालुक्याहून गाडी आली साडेनऊला. कोविशिल्डच्या दहा कुप्या. एका कुपीत दहा डोस, म्हणजे शंभर टोकन. रांगेत अडीचशे माणसं. आशाताईंनी टोकन वाटायला घेतली तेव्हा मागच्या लोकांनी जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि ते सगळं ऐकलं आशाताईंनी. दिल्लीने नाही, मुंबईनेही नाही.

आता टोचण्याचं. कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेायच्या थंड डब्यात, आईसपॅक भरायचे तर ते फ्रीझरमधून काढून लगेच भरता येत नाहीत, ही लस गोठली की वाया. पॅक बाहेर ठेवायचा, घाम सुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायचा आणि आत पाणी खुळखुळलं की मगच ठेवायचा. कुपी फोडली की लेबलवर पेनाने वेळ लिहायची, कारण चार तासांनंतर उरलेलं फेकून द्यावं लागतं. अर्धा मिली ओढला की एडी सिरिंज, म्हणजे एकदाच वापरता येणारी, आपोआप अडते. दहा डोस झाल्यावर कुपी तिरकी धरली तर पुष्कळदा तळाच्या कडेला अकरावा डोस निघायचा, कारण कंपनी भरताना थोडं जास्त भरते. तो पुरा अर्धा मिली भरला तरच घ्यायचा, दोन कुप्यांतलं उरलंसुरलं एकत्र करायचं नाही. केरळने मे महिन्यात मिळाले ७३ लाख ३८ हजार आणि टोचले ७४ लाख २६ हजार असं सांगितलं तेव्हा लोकांना ती जादू वाटली. जादू कसली, कुपी तिरकी धरणाऱ्या बायकांचा हात तो. आम्हीही त्या दिवशी दहा कुप्यांतून १०६ काढले.

एक वाजता कुप्या संपल्या. हाच तुमचा 'गाशा'. त्यानंतर शेवटच्या माणसाला अर्धा तास बसवून ठेवायचं, सुया हब कटरने कापायच्या, रिकाम्या कुप्या मोजून तालुक्याला कळवायच्या, आणि रेंज नव्हती म्हणून कागदावर टिपलेली नावं रात्री कोविन पोर्टलवर चढवायची. आमचा डाटा एंट्रीचा मुलगा त्यासाठी मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढायचा. दीड वाजता केंद्राचं दार लोटलेलं दिसत असेल, कबूल. आत कोणी झोपलं नव्हतं.

आणि दार लोटण्याआधी जे झालं ते असं. माझे धाकटे दीर मामंजींना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आले. मामंजी तेव्हा ७६ वर्षांचे, मधुमेही. त्यांचा पहिला डोस २४ मार्चला माझ्याच हातून झाला होता. सहा ते आठ आठवड्यांनी या, असं मीच सांगितलं होतं. आदल्या आठवड्यात ते आले तेव्हा 'फक्त दुसरा डोस' असा बोर्ड होता, पण लसच नव्हती. आता लस आली, तर १३ मेला केंद्र सरकारने दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलेलं. ८४ दिवस भरल्याशिवाय पोर्टल नावच घेईना.

भाऊजी म्हणाले, 'वहिनी, टोचा की. एन्ट्री नंतर बघू.'

मी म्हटलं, 'एन्ट्रीशिवाय टोचलं तर त्यांचं सर्टिफिकेट होणार नाही, आणि माझी नोकरी राहणार नाही.'

'जास्तीचे सहा निघालेत म्हणता ना? मग ते कुणाचे?'

ते सहा त्यांच्यासमोरच गेले. सहावी बाई ऊसतोडीहून परतलेली, पन्नाशीची, टोकन न मिळाल्याने फांदीवर बसून राहिलेली. पहिला डोस, आधार कार्ड हातात, पोर्टलने नाव घेतलं, मी टोचलं. मामंजी भिंतीला काठी लावून पाहत होते. काही बोलले नाहीत. भाऊजी बोलले. 'परक्या बाईला दिलीत आणि बापाला परत पाठवलंत' हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि वर्षश्राद्धाला मी ऐकत आले आहे. मागच्या दिवाळीलाही ऐकलं. म्हणून तुमचा प्रश्न मला लागला.

भाऊजींचं म्हणणं असं की तुम्ही सरकारी लोकांनी नियमांवर बोट ठेवून लसीकरण संथ केलंत. माझं म्हणणं असं की नियम रोज बदलत होते ते डबा रिकामा होता म्हणून, आणि डबा आम्ही रिकामा ठेवला नव्हता.

हिशेब करून बघा. देशात १८ च्या वरची माणसं साधारण ९४ कोटी. दोन डोस म्हणजे १८८ कोटी. मे महिन्यात कोविशिल्ड बनवणाऱ्या सीरमची क्षमता महिन्याला साडेसहा कोटींच्या आसपास आणि कोव्हॅक्सिनवाल्या भारत बायोटेकची दोन कोटींपर्यंत. भागाकार तुम्हीच करा, वर्ष-दीड वर्षात बसत नाही. आणि नेमक्या अशा वेळी १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या जवळपास ६० कोटी लोकांना दार उघडून दिलं. पंगत वाढवली, पातेलं तेच. वर राज्यांनी आपापली लस विकत आणा, म्हणजे एकाच आचाऱ्याच्या दारात सगळी राज्यं पिशव्या घेऊन उभी. त्याच महिन्यात आपल्या राज्याला १८ ते ४४ चं लसीकरण थांबवून त्यांच्या कुप्या ४५ च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवाव्या लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या धोरणाला सकृतदर्शनी मनमानी आणि अतार्किक म्हटलं, आणि २१ जूनपासून खरेदी पुन्हा केंद्र सरकारकडे गेली.

मुळात चूक त्याच्याही आधीची. अमेरिकेने २०२०च्या उन्हाळ्यात, लस चालेल की नाही हे ठाऊक नसताना, कोट्यवधी डोसांचे पैसे लावले. आपण सीरमला पहिली ऑर्डर दिली जानेवारी २०२१ मध्ये, १ कोटी १० लाख डोसांची. जगातली सगळ्यात मोठी लस बनवणारी कंपनी पुण्यात, आणि घरच्याच आचाऱ्याला सुपारी द्यायची राहिली.

परदेशात पाठवली म्हणून कमी पडली, हे मला पूर्ण पटत नाही. साडेसहा कोटींच्या आसपास डोस बाहेर गेले, म्हणजे तेव्हाचं साधारण महिन्याभराचं उत्पादन. आणि फेब्रुवारीत इथे घ्यायला कोण तयार होतं? १६ जानेवारीला सुरू झालं तेव्हा शंभराच्या सेशनला चाळीस माणसं यायची. आमच्याच खात्यातल्या लोकांना 'आज बीपी वाढलंय' हे नेमकं त्या दिवशी आठवायचं. कोव्हॅक्सिन असेल तिथे वेगळं संमतिपत्र लिहून घ्यायचे, ते पाहून माणूस उठून जायचा. तेव्हा वेग कमी होता तो माणसांमुळे. एप्रिलपासून कुप्यांमुळे. 'संथ होतं' म्हणणारे दोन्ही एकाच पोत्यात घालतात.

शहरातल्या लोकांबद्दलही एक सांगायचं राहिलं. मेच्या सुरुवातीला, ते थांबवण्याआधी, १८ ते ४४ चं नाव फक्त ऑनलाइन घेतलं जायचं. आमच्या केंद्रावरचे स्लॉट उघडल्या-उघडल्या संपायचे आणि सकाळी दारात एम.एच. १२ आणि १४ च्या गाड्या. सव्वाशे किलोमीटरवरून आलेली मुलं, हातात ओटीपी, सोबत थर्मास. त्यांचा दोष नाही, जीव प्रत्येकाला प्यारा. पण बाहेर आमच्याच गावची पोरं कुंपणाला टेकून पाहत उभी असायची. २४ मेपासून केंद्रावर येऊन नाव नोंदवायची मुभा मिळाली, ती पहिल्याच दिवशी द्यायला काय झालं होतं?

विक्रमांचं तर विचारूच नका. १७ सप्टेंबरला एका दिवसात अडीच कोटी. मी स्वतः त्या दिवशी रात्री नऊपर्यंत २१३ जणांना टोचलं, अंगठा सुजला. आदल्या दिवशी आमच्याकडे डबाच आला नव्हता. दोन दिवसांची सरासरी काढली की विक्रम खाली बसतो. पण हेही खरं, की ऑगस्टनंतर कुप्या येऊ लागल्या आणि जो वेग आला तो खरा होता. २१ ऑक्टोबरला शंभर कोटी झाले. डिसेंबरअखेर सगळ्या प्रौढांचं होईल असं सांगितलं होतं तेवढं मात्र झालं नाही, दुसऱ्या डोसचे जवळपास तिसरा हिस्सा लोक बाकी राहिले. म्हणून कोणी २०० कोटींचा आकडा तोंडावर मारला तर त्याला फक्त महिना विचारा. जुलै २०२२ चा आकडा मे २०२१ च्या रांगेला दाखवून काय उपयोग?

मी एकाच केंद्रावरून बोलते आहे हे लक्षात असू द्या. काही ठिकाणी खरोखर दुपारी गाशा गुंडाळलाही गेला असेल, सगळे काही माझ्यासारखे खडूस नसतात. आणि भाऊजींना एका बाबतीत मान द्यायला हवा. अंतर वाढवणं शास्त्राला धरून होतं, ब्रिटननेही आधीपासून बारा आठवडे ठेवले होते, असं मी त्यांना त्या दिवशी ठणकावून सांगितलं. संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर बातमी पाठवली: चारच दिवसांपूर्वी ब्रिटनने डेल्टाच्या भीतीने ५० वरच्यांसाठी ते बारावरून आठवर आणलं होतं. मामंजींचं वय पन्नाशीच्या किती पुढे ते मला ठाऊकच होतं. त्या संदेशाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मामंजींचे ८४ दिवस १६ जूनला भरले, त्याच दिवशी दुसरा डोस टोचला. मधल्या काळात त्यांना काही झालं नाही. ते माझं शहाणपण नव्हे, दैव. पण दैवाचा हिशेब भाऊजी माझ्या खात्यात धरत नाहीत, ते सोडा.

बूस्टरला तेव्हा प्रिकॉशन डोस म्हणायचे आणि दुसऱ्यानंतर ३९ आठवडे लागायचे. तो दिवस आला १६ मार्च २०२२ ला. फ्रीज कुप्यांनी भरलेला, समोर दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. एका माणसासाठीसुद्धा कुपी फोडा, आलेल्याला परत पाठवू नका, असा वरून निरोप. सकाळी दहालाच मी भाऊजींना फोन लावला, म्हटलं मामंजींना घेऊन या, आज पोर्टलही नाव घेतंय आणि रांगही नाही.

'आता कशाला?' भाऊजी म्हणाले. 'गेला ना कोरोना.'

शेवटी मीच दुपारी दीडला केंद्राचं दार लोटलं, कॅरिअर खांद्याला लावला आणि घरी जाऊन मामंजींना टोचलं. कुपीतले बाकीचे नऊ डोस त्या दिवशी वाया गेले.