आयएलओमध्ये (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत) मालक संघटनांसोबत काम करणारा वरिष्ठ तज्ज्ञ नेमकं काय करतो?

आयएलओचा कारभार त्रिपक्षीय. वार्षिक परिषदेत प्रत्येक देशाकडून सरकारचे २, मालकांचा १ आणि कामगारांचा १ प्रतिनिधी मत देतो. मालकांची बाजू पाहणारा विभाग म्हणजे अ‍ॅक्टएम्प. त्याचे तज्ज्ञ जिनिव्हातल्या मुख्यालयाबाहेरही असतात. दक्षिण आशियाचं काम दिल्लीतून चालतं.

भाषणं, परिषदा हा वरवरचा भाग. खरं काम संघटना उभी करण्याचं. छोट्या देशातल्या मालक संघटनेत मोजकीच माणसं असतात आणि सभासदांची वर्गणी थकलेली. 'आम्हाला मिळतं काय?' हा सभासदांचा प्रश्न रास्तच. मग वेतन सर्वेक्षण, कामगार कायद्यावर सल्ला, सुरक्षेचं प्रशिक्षण अशा सेवा सुरू करायला मदत करायची. किमान वेतनाचा मसुदा आला की 'आमचा विरोध आहे' एवढ्यावर न थांबता आकडेवारीसह निवेदन लिहून घ्यायचं. कार्यकारिणीत बड्या कारखानदारांचाच आवाज, छोटे उद्योजक फिरकतही नाहीत. माझ्या मते ही सगळ्यात चिवट अडचण.

या वाटेने जायचं असेल तर नुसत्या विकास अभ्यासाच्या पदवीवर भागणार नाही. कामगार कायदा किंवा अर्थशास्त्र हवं, आणि आधी एखाद्या संघटनेत काम केलेलं बरं. मुंबईत एम्प्लॉयर्स फेडरेशन ऑफ इंडिया ही मालक संघटना १९३३पासून आहे, तिथून चौकशी सुरू करा.