बुंद म्हणजे थेंब नव्हे

प्रश्न असा आलाय: "एका कॅफेच्या पाटीवर 'स्पेशल फिल्टर कॉफी' होतं आणि त्याच्याच खाली 'स्पेशालिटी कॉफी', किंमत तिप्पट. या दोघींत फरक काय आणि स्पेशालिटीला मराठीत 'खास कॉफी' म्हणावं का?"

नका म्हणू. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल, कारण पुढे मी भरकटणार आहे हे मला आत्ताच दिसतंय.

आधी राग काढून घेतो. मागे एका लग्नात कॉफीचा स्टॉल होता, वर मोठ्ठ्या अक्षरात "स्पेशालिटी कॉफी", आणि आत तो माणूस पुडीतली इन्स्टंट गरम दुधात फेटून त्यात हेझलनटचं सरबत ओततोय नि वर चॉकलेटची पावडर भुरभुरतोय. चव वाईट नव्हती, मी दोन कप प्यायलो. पण ती स्पेशालिटी नव्हे, ती स्पेशल! आणि हा घोळ समजून घ्यायचा तर आपल्या मराठी स्पेशलकडे बघा. स्पेशल चहा म्हणजे दूध जास्त, वर आलं-वेलची. स्पेशल मिसळ म्हणजे सोबत दही आणि पापड. आमच्या घरी पाहुणे आले की कॉफीवर जायफळ किसलं जायचं आणि तेवढ्याने ती स्पेशल व्हायची. म्हणजे आपल्याकडे स्पेशल होण्यासाठी वरून काहीतरी घालावं लागतं. 'खास'चंही तेच, खास तुमच्यासाठी म्हटलं की समजायचं साखर जास्त आहे.

स्पेशालिटीत कोणी काही घालत नाही, सगळा खेळ काढून टाकण्याचा. हा शब्दप्रयोग १९७४ साली अर्ना क्नुटसेन या बाईंनी एका चहा-कॉफी व्यापाराच्या मासिकात केला. मूळच्या नॉर्वेच्या, सॅन फ्रान्सिस्कोत कॉफीच्या पेढीवर सेक्रेटरी म्हणून लागल्या आणि पुढे स्वतःच व्यापारात उतरल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं की ठरावीक जागेच्या ठरावीक हवामानात वाढलेल्या बीला स्वतःची अशी चव असते, ती चव शेवटपर्यंत जपून आणली की ती स्पेशालिटी. बस. यात सरबत नाही, फेस नाही, कपावर काढलेलं बदामाचं चित्रही नाही.

पुढे याला मार्क आले. १०० पैकी ८० किंवा वर मिळाले तर स्पेशालिटी, हा आकडा तुम्ही ऐकला असेल. पण मार्कांच्या आधी जे होतं ते मला जास्त आवडतं, कारण ते अगदी आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. ३५० ग्रॅम कच्ची हिरवट बी समोर पसरायची आणि तांदूळ निवडतो तशी निवडायची. पूर्ण काळा पडलेला दाणा, आंबलेला, बुरशी लागलेला, किडीने पोखरलेला, खडा, काडी, असं मोठ्या दोषाचं एकही काही निघता कामा नये. बारीक दोष (फुटका, टवका उडालेला वगैरे) थोडे चालतात, त्यांचाही हिशोब असतो. अहो, हे माझी आजी रोज दुपारी पायरीवर ताट घेऊन करायची, फक्त तिला कोणी सर्टिफिकेट दिलं नाही. म्हणून माझं मत विचारलंत तर मराठी शब्द 'निवडक', आणि तो 'निवडक कविता' मधला नाही, ताटातल्या तांदळातला.

मग भाजून, दळून, पाच-पाच कप लावून चव घेतात. कपात सव्वाआठ ग्रॅम पूड, दीडशे मिली गरम पाणी, चार मिनिटांनी पुडीची वर आलेली साय चमच्याने मोडायची, वास घ्यायचा, आणि थोडं निवलं की चमच्याने जोरात भुरका मारायचा. भुरका जितका मोठा तितकी कॉफी तोंडभर पसरते, म्हणून तिथे भुरका हे कौशल्य आहे. आमच्या घरी बशीतून भुरका मारला की पाठीत धपाटा. मार्क देण्याच्या कागदावर सुवास, चव, गोडवा, बॉडी (म्हणजे तोंडाला लागणारा दाटपणा) असे रकाने असतात आणि त्यात एक असतो अ‍ॅसिडिटी. हे मी आमच्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "अ‍ॅसिडिटीचे मार्क कापतात ना?" नाही काका, देतात! आपल्याकडे अ‍ॅसिडिटी म्हणजे पित्त, छातीत जळजळ, त्यामुळे मराठीत कॉफीची जाहिरात 'उत्तम अ‍ॅसिडिटी' अशी केली तर गिऱ्हाईक थेट मेडिकलमध्ये जाईल. तिथे अर्थ आहे तो पिकल्या संत्र्यातला किंवा करवंदातला आंबटगोडपणा. 'आंबूसपणा' म्हणा, 'चटका' म्हणा, अ‍ॅसिडिटी नका म्हणू. (आता त्या मार्कांची पद्धतही बदलतेय, चवीचं वर्णन एका कागदावर आणि ती आवडली का हे वेगळ्या कागदावर. मला ते पटतं.)

तर आता मूळ मुद्दा. म्हणजे तुमचा नाही, माझा.

'निवडक' हे विशेषण झालं, पण पुढे 'कॉफी' कशाला? आणि त्याहून वाईट म्हणजे 'निवडक कॉफी बीन्स'. बीन्स म्हणजे घेवडा! फरसबी! कॉफीच्या झाडाला लाल बोरासारखं फळ येतं आणि त्यात समोरासमोर दोन बिया असतात, शेंगेचा पत्ता नाही. आपल्याकडे या बीला स्वतःचा, चांगला, वापरलेला शब्द आहे: बुंद. बुंददाणे. जुन्या कोशांत सापडेल, गुजरातीतही बुंददाणा आहे, आणि माझी आजी तर कॉफी 'बुंदाची' म्हणायची, लोखंडी तव्यावर दाणे भाजून खलबत्त्यात कुटलेली, आणि बाजारची पूड आणली की तिला नाव होतं 'डब्यातली'. दोन वेगळ्या वस्तू, दोन वेगळी नावं. स्पेशालिटी आणि स्पेशलचा अर्धा झगडा तिने घरात मिटवून टाकला होता.

हा बुंद आला कुठून? अरबीत कॉफीच्या बीला 'बुन्न' म्हणतात. इथिओपियात, जिथलं हे झाडच आहे, तिथे आजही कॉफी म्हणजे 'बुना'. म्हणजे बघा, जगाने घेतलं 'कहवा' या अरबी शब्दावरून, तुर्कीत कहवे, मग कॅफे, कॉफी. आणि कहवा हा शब्द आधी दारूसाठी होता, उकळलेल्या पेयाला तो मागाहून चिकटला. कहवा पेयाचं नाव, बुन्न बीचं. जगाने पेयाचं नाव उचललं, आपण बीचं नाव उचललं आणि ते जपलंही होतं, परवापरवापर्यंत!

इथे लगेच कोणीतरी म्हणतं की कॉफी हा शब्द इथिओपियातल्या काफा प्रांतावरून आला. छापील पुस्तकांत असतं, कॅफेच्या भिंतींवरही असतं. मला एवढंच विचारायचंय की काफातल्या लोकांच्या स्वतःच्या भाषेतही तिला बुनच्याच घरातला शब्द असताना, गावाचं नाव बाहेर जाऊन पेयाला कोणी दिलं? कानाला सारखं लागलं की व्युत्पत्ती झाली असं असतं तर काफी रागही तिथलाच.

दुसरे एक स्नेही आहेत, निवृत्त मास्तर, माझ्यापेक्षा जास्त वाचलेले, त्यांचा ठाम दावा की बुंद म्हणजे हिंदीतला बूंद, थेंब, कारण फिल्टरमधून कॉफी थेंब थेंब गळते. ऐकायला गोड आहे, पण सर, बुंद हे गळणाऱ्या अर्काचं नाव नाही, कोरड्या बीचं आहे! बुंददाणा. थेंबदाणा असं काही असतं का? आणि मराठी माणूस थेंबाला थेंब म्हणतो. बुंदी ही थेंबावरून आली हे कबूल, झाऱ्यातून पीठ गळतं. पण कॉफीची बी झाऱ्यातून पडत नाही.

आता मास्तरांचा खरा हल्ला: "मग द कुठून आला?" अरबी बुन्न, मराठी बुंद, हा द कोणाचा? माझा लाडका तर्क असा होता की वानराचं वांदर करणाऱ्या जिभेला हा द घालणं काय जड आहे. मास्तर म्हणाले वानरात द शिरतो तो न आणि र यांच्या मध्ये, इथे र कुठाय? बरोबर आहे त्यांचं, मी दोन दिवस गप्प होतो. मग सुचलं ते असं की बुन्न हा अनोळखी शब्द कानावर पडला आणि कानात बूंद आधीपासून बसलेला होता, म्हणून द त्याच्याकडून चिकटला. म्हणजे थेंबाने द उसना दिला, शब्द दिला नाही. एवढं मी मास्तरांना देतो, याच्यापुढे नाही.

आणि बी आली त्याच वाटेने शब्द आला असंही समजू नका. बाबा बुदन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावले ही सतराव्या शतकातली आख्यायिका सगळ्यांना पाठ असते. पण एडवर्ड टेरी नावाचा इंग्रज पाद्री १६१६ ते १६१९ च्या काळात मुघल मुलखात होता, त्याने त्याआधीच लिहून ठेवलंय की धर्म कडक पाळणारे लोक दारूऐवजी कॉफी पितात. म्हणजे आपल्या मातीत झाड रुजण्याआधी दाणा व्यापारातून येत होता. म्हणून मी म्हणतो झाड आलं डोंगरात आणि शब्द आला बंदरात, सुरतेकडून, नाहीतर गुजराती आणि मराठीत एकच बुंद कसा?

असो, किंमत तिप्पट का ते राहिलंच. झाडावरची सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून फक्त लाल तेवढी वेचायला माणूस त्याच झाडाकडे पुन्हापुन्हा पाठवावा लागतो. मग धुणं, वाळवणं, ते वरचं ताटातलं निवडणं. आणि सगळ्यात महाग म्हणजे नाव सांभाळणं, एका मळ्याचा माल दुसऱ्यात मिसळू न देणं. आपल्याकडे १९४२ च्या कायद्यानंतर कितीतरी वर्षं मळेवाल्यांनी कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यायची असा नियम होता, बोर्ड प्रतवारी करून विकायचं. १९९६ पर्यंत ते पुरतं सुटलं. देवगड, रत्नागिरी आणि अलिबागचा आंबा एका ढिगात ओतल्यावर पेटीवर काय लिहिणार? हापूस. तसं तेव्हा कॉफीचं होतं. आज पुडीवर मळ्याचं नाव येतं ते त्यानंतरचं.

पुडी वाचतानाही एक सांभाळा. आपल्या कॉफीच्या धंद्यात 'प्लांटेशन' म्हणजे मळा नव्हे, तर अरेबिका जातीची, फळाचा गर काढून धुऊन वाळवलेली बी. आणि 'चेरी' म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली, केकवरची नाही. चिकोरी असेल तर ती पाकिटावर लिहावी लागते, कॉफी निदान ५१ टक्के हवी असा नियम आहे. म्हणजे उरलेली जवळपास अर्धी पुडी एका मुळाची भाजलेली पूड असू शकते, ती मला आवडतेसुद्धा, पण तिला निवडक बुंद म्हणणार नाही.

गेल्या रविवारी हा प्रश्न डोक्यात असतानाच एका कॅफेत गेलो आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "बुंद कुठली?" तो म्हणाला, "काका, बुंदी नाही ठेवत, ब्राउनी आहे." मी बरणीकडे बोट दाखवलं. मग मात्र त्याचा चेहरा खुलला, त्याने पुडी काढून माझ्यासमोर धरली आणि मळा, उंची, एस सात-पंच्याण्णव हा वाण, कधी तोडली, कधी भाजली, सगळं न बघता धडाधडा सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात ते परत सांगा ना, बुन काय?"

मी सांगितलं. पाऊण तास लागला. कॉफी गार झाली, पण गार झाल्यावर तिचा आंबूसपणा जास्त कळला.