फ्रेटबोर्डला तेल किती, कुठलं आणि कधी?

मिरजेत सतार-तंबोऱ्यांच्या कामात हात बसला आणि गेली काही वर्षं गिटारही दुरुस्तीला येऊ लागल्या. या वेळी वाचकांकडून आलेले बहुतेक प्रश्न फ्रेटबोर्डचे, म्हणजे गिटारच्या दांडीवर तारांखाली असलेल्या, फ्रेट नावाच्या आडव्या धातूच्या पट्ट्या बसवलेल्या लाकडी पट्टीचे आहेत, म्हणून तेवढेच घेतो.

माझे आजोबा सतारीवर बसण्याआधी बोटाला खोबरेल लावायचे. ते पाहून मी गिटारच्या फ्रेटबोर्डला दर महिन्याला खोबरेल लावतो. पण हल्ली बोटं चिकटतात. काय चुकतंय? (सांगली)

आजोबांचं बरोबरच होतं. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) घेताना तार पडद्यावर दाबून बाजूला ओढावी लागते. तेव्हा बोट आणि तार यांच्यामध्ये तेल हवंच. पण सतारीचे पडदे उंच आणि कमानदार असतात, बोट दांडीच्या लाकडाला फारसं टेकत नाही. गिटारवर बोट लाकडापर्यंत जातं आणि घाम, मेलेली कातडी, तेल असं सगळं तिथंच साठत राहतं. शिवाय खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. थंडीत सकाळी बाटलीत जे होतं, तेच लाकडाच्या छिद्रांत होतं, आणि जुनं झालं की ते खवटही होतं.

अशीच एक रोझवूडची, म्हणजे शिसवीची, गिटार नुकतीच माझ्याकडे आली होती. तारा काढल्यावर पहिल्या तीन फ्रेटच्या कडेला काळसर, मेणासारखा राप दिसला. जुन्या एटीएम कार्डाची कड लावून फ्रेटला समांतर ओढली, तर राप वळी होऊन निघाला आणि खालून शिसवीच्या जांभळट-तपकिरी रेघा वर आल्या. तुम्हीही तसंच करा. आधी मळ खरवडा, मग मऊ टूथब्रश कोरडाच फिरवा. तरीही चिकट राहिलं तर कापडावर लायटर फ्लुइडचे दोन थेंब घेऊन पुसा. हे काम खिडकी उघडी ठेवून करा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको.

यानंतर तेल. मेडिकलमध्ये मिळणारं बिनवासाचं लिक्विड पॅराफिन चालतं. अख्ख्या फ्रेटबोर्डला आठ-दहा थेंब पुरे. कापडानं चोळा, दहा मिनिटं थांबा, मग कोरड्या कापडानं पुसून काढा. बोट फिरवल्यावर ओशट लागलं तर पुन्हा पुसा. वर्षातून दोनदा हे केलं की झालं. महिन्याला तेल लावणं म्हणजे मळावर मळ चढवणं आहे. घरी जवसाचं तेल असेल तर तेही नको. ते वाळून कातडी धरतं, आणि त्या तेलाचे बोळे एकत्र टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात.

लिंबू पिळून फ्रेटबोर्ड पुसला तर? बाजारात लेमन ऑइल मिळतंच की. (इस्लामपूर)

नको. लिंबाचा रस आम्ल आहे, तो लाकूड कोरडं करतो आणि फ्रेट काळे पाडतो. फ्रेटबोर्डसाठी मिळणारं लेमन ऑइल बहुतेक वेळा वास घातलेलं खनिज तेलच असतं.

आमचा हळदीचा व्यापार. दुकानातून आल्यावर हात धुऊनही गिटारच्या पिवळसर पांढऱ्या फ्रेटबोर्डवर डाग पडले. साबणानं पुसले तर लालसर झाले! (सांगली मार्केट यार्ड)

सांगलीच्या ज्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा रंग सहजी जायचा नाही. साबण अल्कली असतो, आणि हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. चुन्याबरोबर हळदीचं कुंकू होतं, तसंच हे. तेव्हा साबण आणि सोडा दोन्ही बंद.

तुमचा फ्रेटबोर्ड मेपलचा दिसतो. त्यावर लॅकरचा (वार्निशसारखा चकचकीत) थर असतो, म्हणजे डाग लाकडावर नसून बहुधा त्या थरावर आहे. घट्ट पिळलेल्या ओल्या कापडानं पुसा आणि लगेच कोरडा करा. मग गिटार काही दिवस उजेडाच्या खोलीत ठेवा, हळदीचा रंग उजेडानं विटतो. थेट उन्हात मात्र ठेवू नका, गोंद सुटतो. लॅकर झिजून लाकूड उघडं पडलं असेल, तर तिथला डाग आत गेलेला असतो. तो राहील, त्यासाठी गिटार खरवडू नका. लॅकर शाबूत असलेल्या मेपलला तेल लावून काही उपयोग नाही, ते आत जातच नाही.

मे महिन्यात फ्रेटची टोकं हाताला ओरबाडतात. दोनदा तेल लावलं, फरक नाही. (जत)

पडणारच नाही, कारण लाकडाला तेलाची नव्हे, ओलाव्याची तहान आहे. कोरड्या हवेत लाकूड आडव्या अंगानं आकसतं, धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्के असेल तर गिटार सुखात राहते. जतच्या उन्हाळ्यात ती उघड्यावर भिंतीला टांगू नका. केसमध्ये ठेवा, आणि भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून नीट पिळलेला स्पंज ठेवा. डबी लाकडाला टेकता कामा नये. स्पंज वाळला की पुन्हा भिजवा. दोन-तीन आठवड्यांनीही टोकं टोचत राहिली, तरच कानशीसाठी कारागिराकडे जा. आणि पावसाळा लागला की तो स्पंज आठवणीनं काढा.

फ्रेटच्या मुळाशी हिरवं धरलंय. तांब्याची भांडी घासायची पावडर चालेल का? (तासगाव)

नाही, पावडर छिद्रांत बसते आणि निघता निघत नाही. बहुतेक फ्रेट जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात चांदी आहे, प्रत्यक्षात ते तांबं, निकेल आणि जस्त. तांब्याला घाम लागला की हिरवं येणारच. लाकडावर मास्किंग टेप चिकटवून फक्त फ्रेट उघडा ठेवा आणि 0000 नंबरच्या (अगदी बारीक) स्टील वूलनं हलकेच घासा. इलेक्ट्रिक गिटार असेल तर आधी तारांचा आवाज पकडणारे पिकअप टेपनं पूर्ण झाका, कारण त्यांतलं चुंबक लोखंडाचे बारीक तंतू ओढून घेतं आणि ते सहज निघत नाहीत. एवढं झालं की रोज वाजवून उठताना तारांखालून सुती फडकं फिरवत जा. सहा महिने तरी पुन्हा टेप लावावी लागणार नाही.