'चिंतांना प्रतिसाद' की 'मुद्द्यांना उत्तर'?

प्रश्न आला आहे तो ब्रिटिश संसदेच्या बातमीतल्या एका वाक्यावरून: 'सभागृह नेत्याने सहकाऱ्यांच्या देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय चिंतांना प्रतिसाद दिला.' हे मराठी बरोबर आहे का?

व्याकरणात चूक काढता येणार नाही, पण मराठीत कोणी असं बोलत नाही. 'चिंता' आणि 'प्रतिसाद' दोन्ही शब्द इथे अवघडून बसले आहेत.

आधी प्रसंग लक्षात घेऊ. हाउस ऑफ कॉमन्स या ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात सभागृह नेता बहुधा दर गुरुवारी पुढच्या आठवड्याचं कामकाज जाहीर करतो. त्यावर 'अमुक विषयावर चर्चा ठेवा' असं म्हणत सदस्य काहीही मांडू शकतात. एकजण मतदारसंघातल्या बंद पडणाऱ्या टपाल कार्यालयाबद्दल बोलतो, तर दुसरा परदेशातल्या युद्धाबद्दल. (तिथला सभागृह नेता हा पंतप्रधानांहून वेगळा मंत्री असतो. आपल्या लोकसभेत सहसा पंतप्रधानच ते पद सांभाळतात. मनमोहन सिंग राज्यसभेचे सदस्य होते, म्हणून त्या काळात लोकसभेत प्रणव मुखर्जी आणि २०१२ पासून सुशीलकुमार शिंदे सभागृह नेते होते.)

टपाल कार्यालय बंद होणं हे गाऱ्हाणं आहे. युद्धाबद्दल चिंता वाटते, हे खरं; पण ती 'व्यक्त' करतात, आणि समोरच्याला जमलं तर तो ती 'दूर' करतो. इंग्रजीतला 'कन्सर्न' हे सगळं एकाच पिशवीत घालतो. मराठीत नाम बदललं की क्रियापदही बदलतं: प्रश्नाला उत्तर द्यायचं, शंकेचं निरसन करायचं, आक्षेप खोडून काढायचा, गाऱ्हाण्याची दखल घ्यायची. ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे, ती एका 'प्रतिसादा'खाली दडपू नये असं मला मनापासून वाटतं.

'प्रतिसाद' म्हणजे सादेला दिलेली साद. आवाहनाला, हाकेला, नाटकाला प्रतिसाद मिळतो, कारण तिथे समोरचा पुढे येतो, सामील होतो. 'प्रत्युत्तर' वापरावं का, असंही विचारलं आहे. प्रति + उत्तर हा संधी सरळ आहे, पण आजच्या मराठीत प्रत्युत्तर म्हटलं की 'चोख' हे विशेषण कानात वाजतंच. तिथे टोला अभिप्रेत असतो. सहकाऱ्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेणाऱ्याला तो शब्द शोभत नाही.

अशा बातमीत 'आश्वासन दिलं' असंही लिहावंसं वाटेल, पण 'आश्वासन' हा शब्द मात्र जपून वापरावा. आपल्या संसदेत तो पारिभाषिक शब्द आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला लोकसभेत १९५३ पासून स्वतंत्र समिती आहे, आणि 'बाब विचाराधीन आहे' यासारखं वाक्यही तिथे आश्वासनात धरलं जातं.

मी ती बातमी अशी लिहीन: 'सदस्यांनी देशातले आणि परदेशातले अनेक मुद्दे मांडले. सभागृह नेत्यांनी काहींना उत्तर दिलं, तर बाकीच्यांची दखल घेऊन ते संबंधित मंत्र्यांच्या कानावर घालतो, असं सांगितलं.'