नवऱ्याचा खोकला टीबीच्या कोर्सनंतरही जात नाही. खडीक्रशरच्या कामामुळे असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर ९ वर्षं वाघोलीला खडीक्रशरवर आहेत, थुंकीची तपासणी निगेटिव्ह असूनही टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स झाला, तरी खोकला आणि दम तसाच आहे, आणि मालक सगळं बिडीवर ढकलतोय. कामामुळे असू शकतं. खात्रीनं सांगायचं काम छातीच्या डॉक्टरांचं. पण त्यांच्यापुढे काय ठेवायचं ते मी सांगतो, कारण आमच्या आबांच्या वेळी आम्ही नेमके तिथेच चुकलो.

आबा मोशीला क्रशरवर जाळीपाशी असायचे. संध्याकाळी दारातच सदरा झटकायचे, उंबऱ्यावर पांढरट थर बसायचा. तीन दवाखान्यांचे केसपेपर माझ्याकडे अजून आहेत. तिन्हींवर बिडी किती वर्षं ओढली ते आहे. व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द : मजुरी.

चौथ्या ठिकाणी डॉक्टर बाईंनी एक्स-रे खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "काका, काम काय करता?" क्रशरवर, बारा वर्षं. "आणि त्याच्या आधी?" आबा म्हणाले, "आधी काही नाही. भोसरीला होतो चारेक वर्षं, लोखंडावर वाळू मारायचो." म्हणजे सँडब्लास्टिंग. बंद शेडमध्ये, तोंडाला उपरणं बांधून. माझ्या जन्माआधीची गोष्ट, मला माहीतच नव्हती. सिलिकोसिस, म्हणजे दगड-वाळूच्या बारीक धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडला.

हा 'आधी' इतका महत्त्वाचा का, ते सांगतो. पुण्याच्या खाणीतला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. हा आजार करणारी मोकळी स्फटिक सिलिका त्यात राजस्थानच्या वालुकाश्मापेक्षा फार कमी असते. त्याची धूळ निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही, खोकला आणि दम त्यानंही लागतो. पण वाळू मारणं, फाउंड्रीतली वाळू, कोरडं काँक्रीट फोडणं हे जास्त घातक. डोळ्यांना दिसते ती धूळ बरीचशी नाकात अडकते. न दिसणारी थेट फुफ्फुसात खोलवर जाते, तिथे व्रण धरतात, आणि काम सुटल्यावरही ते वाढत राहू शकतात. म्हणून वीस वर्षांपूर्वीचं कामही आज बोलतं.

तर आज रात्री मिस्टरांना घेऊन बसा आणि एका कागदावर पहिल्या कामापासून लिहा. ठिकाण, कोणतं साल ते कोणतं साल, नेमकं काय केलं, कोरडं की पाणी मारून, बंद जागेत की उघड्यावर, तोंडाला काय बांधलं. गावाकडे विहीर खणली असेल, फरशी कापली असेल, मिक्सरच्या ड्रममध्ये उतरून सुकलेलं काँक्रीट ब्रेकरनं फोडलं असेल, तर तेही लिहा. मी आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटवर, माल मोजून मिसळायच्या कामाला आहे. ड्रम फोडून बाहेर आलेल्या पोरांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असतात, आणि कुणी विचारलं तर तेही 'प्लांटवर आहे' एवढंच सांगतात.

हा कागद आणि जुने सगळे एक्स-रे घेऊन ससूनला किंवा औंधच्या उरो रुग्णालयात जा. कागद केसपेपरला जोडा म्हणून आग्रह धरा. नवा एक्स-रे आणि फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी होईल, लागलं तर सीटी स्कॅन. टीबीची तपासणी पुन्हा करायला सांगितली तर टाळू नका. सिलिकोसिस असलेल्याला टीबी सहज धरतो, दोन्ही एकत्रही असतात, आणि टीबीची औषधं चालू असतील तर स्वतःच्या मनानं कधीच बंद करायची नाहीत. बिडी मात्र सोडायलाच हवी, मालक म्हणतो म्हणून नव्हे.

सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. म्हणून निदान झालं तर धुळीतलं काम थांबवणं हाच मोठा उपाय. सिलिकोसिस कायद्याच्या यादीतला कामाचा आजार आहे आणि निदान झाल्यावर डॉक्टरांनी सरकारला कळवायचं असतं. ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल तर बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये चौकशी करा, अपंगत्वाची टक्केवारी मेडिकल बोर्ड ठरवतं. कार्ड नसेल तर भरपाईचा दावा मालकावर लागतो, त्यासाठी कामगार संघटनेतला माणूस गाठा. हजेरीकार्ड, पगाराच्या बँकेतल्या नोंदी, मुकादमाची वही यांचे फोटो आत्ताच काढून ठेवा. आम्ही मागायला गेलो तेव्हा वही हरवली होती.

सिमेंटच्या कामात दिराच्या हातांची कातडी खराब झालीय, तेही विचारलंय तुम्ही. ओलं सिमेंट चुन्यासारखं जहाल असतं, कातडी जाळतं, आणि त्यातल्या क्रोमियमची अॅलर्जी एकदा बसली की थोडक्या सिमेंटनंही उठते. रबरी हातमोजे, काम झाल्याबरोबर साध्या पाण्यानं हात धुणं, आणि त्वचेच्या डॉक्टरांना 'सिमेंटमध्ये काम करतो' हे सांगणं. डोळ्यात गेलं तर तिथल्या तिथे निदान वीस मिनिटं पाणी मारत राहा, मग दवाखाना.

कागद लिहून झाला की नावं गाळून इथे खाली टाका. काय राहिलंय ते मी बघून सांगतो.